सायकल परदेशीच हवी होती, फक्त हा परदेश नको होता

ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४४, बँकेत नोकरी. गुडघा कुरकुरायला लागला म्हणून डॉक्टरांनी पळणं बंद करून सायकल चालवायला सांगितली. दोन महिने चौकशी करून त्यांनी एका नावाजलेल्या अमेरिकन ब्रँडची हायब्रिड सायकल घेतली, ५८ हजारांची. घरात एवढी महाग सायकल याआधी कुणी आणली नव्हती. तीन महिन्यांनी उपवनजवळ पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने सायकल उलटी केली आणि क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या खाली, फ्रेमच्या पोटाला चिकटवलेला स्टिकर दिसला: मेड इन चायना. तेव्हापासून घरात रोज हाच विषय. यजमान म्हणतात, परत दे, आपला पैसा चीनला कशाला? सासरे तीस वर्षं रॅले सायकलवरून वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत कामाला गेले. ते म्हणतात, "अस्सल घ्यायची तर इंग्लंडची, नाहीतर सरळ लुधियानाची. हे मधलंच काय आणलंस?" त्यात हल्ली गिअर बदलताना कटकट होते आणि मागचा ब्रेक किंचाळतो. मुलाने चेनला स्प्रे मारून बघितला, उपयोग झाला नाही. ताई विचारतात: मी फसले का? सायकल विकून टाकू का? आणि दिवाळीत मुलीला सायकल घ्यायची आहे, ती कुठल्या देशाची घेऊ?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक गंमत आहे, रागावणार नसाल तर सांगतो. सायकल परदेशी आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही ती घेतलीत त्यात 'अमेरिकन' या शब्दाचा वाटा होताच, तसं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे माल बाहेर बनला याचं तुम्हाला दुःख नाही. परदेश हवाच होता, फक्त हा परदेश नको होता. आणि मौज अशी, की तिकडे अमेरिकेत कुणी हीच सायकल उलटी करून हाच स्टिकर वाचत असेल, तर तोही असाच हळहळत असणार. त्याच्या लेखीही चीन म्हणजे 'बाहेर'च.

'अमेरिकन ब्रँड' म्हणजे नेमकं काय, हे दुकानात कुणी उलगडून सांगत नाही. नाव त्यांचं, नळ्यांचा आराखडा त्यांचा, कुठला सुटा भाग बसवायचा हा निर्णय त्यांचा, फ्रेम मोडली तर जबाबदारी त्यांची. वेल्डिंगची बंदूक मात्र बहुतेक वेळा तैवान, चीन, व्हिएतनाम किंवा कंबोडियातल्या कामगाराच्या हातात असते. यात लपवाछपवी नाही, गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा धंदा असाच चाललाय. श्विन हे अमेरिकेतलं एकेकाळचं सर्वांत मोठं नाव, आपल्याकडे हर्क्युलिस-बीएसए जसं घरोघरी होतं तसं. १९८० साली त्यांच्या शिकागोच्या कारखान्यात संप झाला. त्यांनी काम तैवानच्या जायंट या कंपनीकडे वळवलं. १९७२ साली सुरू झालेली जायंट तोवर दुसऱ्यांच्या नावाने सायकली बनवून देत असे. श्विनने माणसं पाठवली, काम शिकवलं. जायंट शिकली, १९८१ मध्ये तिने स्वतःच्या नावाच्या सायकली काढल्या, आणि १९९२ मध्ये श्विनचं दिवाळं निघालं. पुढे जायंटनेच चीनमध्ये कुन्शानला कारखाना टाकला. तेव्हा तुमच्या सायकलीवरचं 'चायना' हे तुम्हाला वाटतं तसं कुणी गुपचूप केलेलं पाप नसून त्या साखळीतली पुढची कडी आहे.

बरं, 'तिकडचा माल म्हणजे दुय्यम' असं असतं तर शर्यतवाल्यांनी तो जवळही केला नसता. २०२० मध्ये तादेई पोगाचारने टूर द फ्रान्स जिंकली ती कोलनागोच्या सायकलीवर. कोलनागो म्हणजे इटलीतलं घरंदाज नाव, पण त्या मॉडेलची फ्रेम तैवानात बनलेली होती. याच कंपनीच्या इटलीत हाताने बनणाऱ्या फ्रेम वेगळ्या आहेत, महागही आहेत. जिंकायला मात्र त्यांनी तैवानची दिली.

आता माझ्या खात्यातलं सांगतो. मी २६ वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीत काढली. एकाच लेथवर आम्ही दोन गिऱ्हाइकांसाठी अगदी एकसारखं पितळी बुश काढायचो. एका गिऱ्हाइकाचा माणूस दर मंगळवारी गेजांची पेटी घेऊन यायचा. टोपलीत हात घालून कुठलेही नग उचलायचा, आणि एकाही भोकात नो-गो गेज, म्हणजे आत जाताच कामा नये अशी मोजणीची खुंटी, आत शिरलं की अख्खा लॉट परत. दुसरं गिऱ्हाईक फोनवर एवढंच विचारायचं, "रेटमध्ये किती बसवताय?" ऑपरेटर तोच, मशिन तेच, पितळ एकाच डेपोतून आलेलं. पण झिजलेल्या टूलने काढलेले नग कुणाच्या टोपलीत जायचे, हे तुम्हाला सांगायला नको. आता मला सांगा, त्या बुशवर 'मेड इन रबाळे' असा शिक्का असता तर तो वाचून तुम्हाला काय कळलं असतं?

सायकलीचंही तेच. तुमची फ्रेम अ‍ॅल्युमिनिअमची आहे. या धंद्यात ६०६१ नावाची जात खूप चालते. ही नळी वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ मऊ पडते. म्हणून पूर्ण फ्रेम भट्टीत पाचशे अंशांच्या वर तापवून एकदम बुडवून गार करतात. या वेळी ती जराशी वाकते, मग जिगवर, म्हणजे पकडून ठेवणाऱ्या साच्यावर घेऊन ती मऊ आहे तोवर सरळ करतात. त्यानंतर कमी तापमानाच्या भट्टीत काही तास ठेवली की तिच्यात पुन्हा ताकद येते. हे सगळं रंगाखाली झाकलं जातं. भट्टीचा एक तास कुणी वाचवला तर डोळ्यांना काही दिसणार नाही, तीन वर्षांनी सांध्यापाशी केसाएवढी चीर दिसेल. तो तास वाचू नये म्हणून ब्रँडचा माणूस तिथे उभा असतो. आयएसओ ४२१० नावाचं सायकलींच्या सुरक्षेचं मानक आहे, त्यात पायडलवर जोर दिल्यासारखा भार फ्रेमला एक लाख वेळा देऊन बघतात. जो ब्रँड हे सगळं मागतो आणि त्याचे पैसे मोजतो, त्याला चीनमधूनही उत्तम फ्रेम मिळते. न मागणाऱ्याला कुठल्याच देशातून मिळत नाही.

स्टिकरबद्दल आणखी एक. तो फार तर फ्रेम किंवा जुळणी कुठे झाली ते सांगतो. गिअर बहुधा शिमानोचे असतील. ही कंपनी जपानमधल्या साकाई गावची, १९२१ पासूनची, पण तिचे कारखाने सिंगापूर, मलेशिया, चीनमध्येही आहेत. टायर तिसरीकडचे, सीट चौथीकडची. तुमच्या सायकलीची जात विचारायला बसलात तर नकाशा लागेल.

मग त्या कटकटीचं आणि किंचाळण्याचं काय? इथे मला तुमच्या पत्रातलं एक ओझरतं वाक्य सापडलं: मुलाने चेनला स्प्रे मारला. ताई, डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीला चेनचा स्प्रे लांबून फवारला की त्याचे तुषार मागच्या डिस्कवर जातात. ब्रेक पॅड तो तेलकटपणा शोषून घेतात, आणि मग ब्रेक किंचाळतो. किंचाळतो ते परवडलं, पण पकडही कमी होते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत येऊरच्या डोंगराचा उतार उतरू नका, ही विनंती समजा. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसायची. पॅड तेलात मुरले असतील तर बदलायचे, काहीशे रुपयांचं काम आहे. चेनला तेल थेंबाथेंबाने, एकेका कडीला, आणि वरचं लगेच पुसून. मुलाला ओरडू नका, मीही हे केलंय.

गिअरची कटकट त्याहून साधी. नव्या सायकलीची केबल पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये आपल्या कव्हरात बसते आणि ताण थोडा सैल पडतो. मागच्या गिअरच्या यंत्रणेत जिथे केबल शिरते तिथे बोटाने फिरवायची एक गोल मान असते. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुर करत असेल तर ती मान घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा फिरवा, गिअर बदलून बघा, लागलं तर आणखी पाव. तरी सुटलं नाही तर एक आठवून बघा: सायकल कधी चेनच्या बाजूवर आडवी पडली होती का? सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरने ढकलली असेल? मग हँगर वाकला असणार. हँगर म्हणजे मागच्या गिअरला फ्रेमशी जोडणारा बोटभर अ‍ॅल्युमिनिअमचा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो.

पहिली सर्व्हिसिंग करून घेतलीत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल घेतली तर आधी ती घ्या, देशाचा विचार नंतर. सायकल खोक्यातून अर्धीमुर्धी जुळवलेली येते, उरलेली दुकानातला मेकॅनिक जोडतो. तो शेवटचा तास फार महत्त्वाचा. माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका दुकानातून तैवानात बनलेली सायकल घेतली. पाम बीच रोडला तिसऱ्या-चौथ्या फेरीतच डाव्या पायाखाली टक् टक् सुरू झालं. दोन आठवडे मी भेटेल त्याला 'तैवानच्या मालात आता दम राहिला नाही' असं सांगत फिरलो. मग एका सकाळी नेरूळच्या सिग्नलला डावा क्रँक हातात आला, पायडलसकट. मेकॅनिकने त्याचा बोल्ट छोट्या अ‍ॅलन कीने नुसता टेकवला होता. तिथे लांब दांड्याचा पाना लावून सणसणीत आवळावं लागतं. सैल क्रँक हलून हलून त्याचं चौकोनी भोक गोल झालं, क्रँक भंगारात. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचे बोल्ट तपासणारा माणूस मी, स्वतःच्या सायकलीला हात लावून बघितला नाही. तैवानची माफी मागायची राहूनच गेली.

परदेशी उत्पादनाचा काहीच फरक पडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. फरक पडतो, पण वेगळ्याच ठिकाणी. तो हँगर प्रत्येक मॉडेलचा निराळा असतो, आणि तुटला की इथल्या दुकानात तो असेलच असं नाही. मागवून यायला तीन-चार आठवडे सहज जातात, तोवर सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायला. म्हणून आजच एक जादा घेऊन ठेवा. फ्रेमच्या वॉरंटीचा दावा केलात तर फोटो, ईमेल, वाट बघणं. बऱ्याच मोठ्या ब्रँडांची फ्रेमवर पहिल्या मालकासाठी लांब मुदतीची वॉरंटी असते. तिच्यासाठी बिल आणि फ्रेमखालचा नंबर लागतो, तेव्हा त्या स्टिकरशेजारच्या नंबराचा फोटो काढून ठेवा. काही कंपन्या साइटवर नोंदणीही मागतात. आणि किमतीचं गणित लक्षात घ्या. २०२३ च्या अर्थसंकल्पात तयार सायकलींवरचं आयात शुल्क ३० वरून ३५ टक्के केलं गेलं. तुमच्या ५८ हजारांतला बराच पैसा नळी-वेल्डिंगमध्ये नसून शुल्क, वाहतूक, दुकानाचं भाडं आणि नावात आहे. महाग म्हणून तेवढ्या पटीने चांगली, हा हिशोब आयात मालाला लागू होत नाही. तुमची निराशा थोडी तिथेही असावी असं मला वाटतं.

फसलात का? दुकानदाराने तोंडी 'अमेरिकेत बनलेली' असं ठामपणे सांगितलं असेल, किंवा ऑनलाइन घेतली असेल आणि तिथे दुसरा देश लिहिला असेल, तर हो, आणि मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करायला अजिबात संकोच करू नका. आयात मालावर मूळ देश लिहिणं बंधनकारक आहे. पण 'अमेरिकन ब्रँड आहे मॅडम' एवढंच म्हटलं असेल आणि बाकी आपण मनात भरलं असेल, तर त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. खोकं ठेवलंय का बघा, लेबल त्यावरच असतं.

विकू नका. तीन महिने वापरलेल्या या सायकलीला ४० हजार देणारा मिळाला तरी नशीब. आणि त्या पैशात पुन्हा जी घ्याल तीही उलटी केल्यावर तिच्या पोटावर बहुधा असलाच स्टिकर निघेल. गुडघा बरा आहे का, सायकल तुमच्या मापाची आहे का, आठवड्यातून किती वेळा बाहेर काढता, यावर ठरवा. मापच चुकलं असेल तर मात्र लवकर बदला, कारण त्यावर गुडघ्याचं सगळं अवलंबून आहे. सीट इतकी उंच हवी की पायडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहील.

यजमानांचा मुद्दा निराळा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. पैसा कुठे जावा हे ठरवण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. फक्त 'मला भारतीय वस्तू घ्यायची आहे' आणि 'चिनी वस्तू वाईट असते' ही दोन वाक्यं एका श्वासात म्हणू नयेत. पहिलं मत आहे, त्याला पुरावा लागत नाही. दुसऱ्याला लागतो. शिवाय गिअरवाली 'भारतीय' सायकल घेतली तरी तिच्यातले गिअर पुष्कळदा बाहेरूनच आलेले असतात, हे त्यांना सांगून ठेवा.

मुलीच्या सायकलीला मात्र खुशाल भारतीय घ्या. उत्पादनात चीनच्या खालोखाल आपलाच नंबर आहे. लुधियानाला १९५६ पासून सायकली बनवणाऱ्या हीरोचं नाव १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी उत्पादक म्हणून गिनेस बुकात गेलं होतं. साधी, मजबूत सायकल बनवण्यात आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. गडबड होते ती दहा हजारांच्या आतल्या 'गिअरवाल्या' सायकलीत. पुढे सस्पेन्शन, दोन डिस्क, एकवीस गिअर आणि झगमगीत स्टिकर, सगळं त्याच पैशात. मग काटकसर कुठे केली असेल? बेअरिंगच्या वाटी-कोनात, रिममध्ये, चाकाच्या तारांमध्ये. ती सायकल अठरा किलोची भरते आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर तिचं सस्पेन्शन नुसतं वजन म्हणून उरतं. त्याच पैशात बिनगिअरची, साध्या फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची), साध्या ब्रेकची घेतलीत तर प्रत्येक भाग एक पायरी वरचा मिळेल. घेताना मुलीला सायकल स्वतः उचलून लिफ्टमध्ये ठेवायला सांगा. जमलं नाही तर ती दिवाळीनंतर पार्किंगमध्ये गंजत राहणार. पुढच्या वर्षी उंची वाढेल म्हणून मोठी घेऊ नका. वरची नळी दोन्ही पायांमध्ये घेऊन, पाय जमिनीला टेकवून तिला सहज उभं राहता आलं पाहिजे. आणि सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, बिलात तो तसाच लागलाय ना हे बघून घ्या.

राहता राहिले तुमचे सासरे. त्यांच्याशी वाद घालू नका, तीस वर्षं एकच सायकल सांभाळलेल्या माणसाला सायकलीतलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात रॅलेचं काम २००२ मध्येच थांबलं. आता ते नाव घेऊन येणाऱ्या सायकलीही बाहेरच बनतात. आणि दुसरं जरा जपून सांगा. रॅलेने १९५०च्या दशकातच इथल्या सेन कुटुंबाबरोबर भागीदारी करून बंगालमध्ये आसनसोलला कारखाना काढला होता, सेन-रॅले नावाचा. वागळे इस्टेटच उभी राहिली १९६२ नंतर. तिथे जाण्यासाठी त्यांनी जर त्या सुमारास किंवा पुढे सायकल घेतली असेल, तर ती इंग्लंडची असण्यापेक्षा आसनसोलची असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

त्यांची ती रॅले अजून माळ्यावर आहे असं तुम्ही लिहिलंय. रविवारी त्यांच्याच हाताने खाली काढायला लावा, आणि हँडलच्या खाली पुढच्या नळीवर जो पितळी बिल्ला असतो तो जरा चिंचेने घासा. खाली बारीक अक्षरांत काय निघतं ते मला जरूर कळवा.